मी बघायला लावलेले भयपट

भयपटांचा नाद असलेल्या माणसांना एक खोड असते. आवडलेला सिनेमा दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. विनोदी सिनेमा सांगितला आणि समोरच्याला हसू आलं नाही, तर त्याचे दोन तास वाया जातात, बाकी काही बिघडत नाही. भयपटाची गोष्ट निराळी. नको त्या वेळी नको त्या माणसाच्या हाती पडला, तर त्याची झोप उडते, आणि कधीकधी झोपेहून मोठं काहीतरी हलतं. सांगलीत आमच्या ऑफिसात, नात्यागोत्यात, शेजारीपाजारी "आज रात्री काय बघू?" असं जिला विचारतात ती मी. नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयातून आणून आईची नजर चुकवून वाचायचे, तेव्हापासूनचा हा नाद. लोक विश्वासाने विचारतात, आणि मी फार बेफिकिरीने उत्तरं देत आले.

सगळ्यात वाईट उत्तर दिलं ते माझ्या मावसबहिणीला.

'लपाछपी' २०१७ मध्ये आला. दिग्दर्शक विशाल फुरिया, मुख्य भूमिकेत पूजा सावंत. थिएटरातून बाहेर पडले ती भारावून. तोवर मराठी भयपट म्हटलं की डोळ्यांपुढे यायचे ते हसवता हसवता घाबरवणारे, 'झपाटलेला' किंवा 'पछाडलेला'सारखे. इथे विनोदाची फोडणी नव्हती. कर्जाचा तगादा चुकवण्यासाठी आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात येते. घरात उषा नाईक यांनी उभी केलेली तुळसाबाई, आणि बाहेर उसातून येणारे मुलांचे आवाज. या भीतीच्या मुळाशी जाल तर मुलगी नको असलेली माणसं भेटतात. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या जिल्ह्यात, म्हैसाळला, पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. त्यामुळे तो सिनेमा मला नुसता सिनेमा वाटला नाही. प्रत्येकाने बघितलाच पाहिजे असं वाटलं, आणि मी तो भेटेल त्याला सांगत सुटले. पुढे त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला, तेव्हा तर मला आणखी चेव आला. "आधी मराठी बघा, मग हिंदी," हे माझं ठरलेलं वाक्य झालं.

मावसबहीण वाळवा तालुक्यात दिली आहे. त्यांचं घर गावात नाही, मळ्यात आहे. तीन बाजूंना ऊस. ऊस लहान असतो तोवर खिडकीतून लांबचा रस्ता दिसतो. डोक्याच्या वर गेला की घर जणू हिरव्या भिंतींच्या आत जातं, आणि तोडणीच्या टोळ्या येईपर्यंत तसंच राहतं. वारा नसतानाही उसाचा पाला वाजत राहतो. त्यातून उंदीर गेला, मुंगूस गेलं की माणूस चालल्यासारखा आवाज येतो. फडात शिरलं तर दहा पावलांवर दिशा कळेनाशी होते, आणि पानांची धार अंगावर ओरखडे काढते ते वेगळंच. हे सगळं मला माहीत होतं, लहानपणच्या सुट्ट्या मी अशाच घरात काढल्या आहेत. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते, म्हणून तिचा नवरा बॅटरी घेऊन रात्रभर पाणी पाजत असतो, हेही माहीत होतं. त्या वेळी ती गरोदर होती. त्याआधी पाचव्या महिन्यात तिचं एक मूल गेलं होतं, आणि त्या दिवसांत मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते.

एवढं सगळं ठाऊक असताना तिने फोनवर सहज विचारलं, "ताई, रात्री झोप येत नाही गं, काहीतरी बघायला सांग की." आणि मी म्हणाले, "लपाछपी बघ."

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा शोधलं. तिचं वाईट व्हावं असं अर्थातच नव्हतं. माझ्या मनात ती नव्हतीच. उसातल्या घरात राहणाऱ्या बाईला उसातला सिनेमा किती भिडेल, एवढाच विचार होता. म्हणजे सिनेमाला चांगला प्रेक्षक मिळत होता, याचा मला आनंद झाला होता. बहिणीला सिनेमा कसा पडेल, हे मी विचारातच घेतलं नाही.

नवरा पाणी पाजायला गेल्यावर तिने तो मोबाईलवर, कानात इअरफोन घालून लावला. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. अर्ध्यावर तिने तो बंद केला, पण बाहेरचा पाला काही बंद होईना. उजाडेपर्यंत ती दिवा लावून बसून राहिली. सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"ताई, तू बघितलेला ना हा? मग मला का बघायला लावलास?"

इथेच मी गप्प बसायला हवं होतं, निदान चुकले म्हणायला हवं होतं. मी तिला म्हणाले, "अगं, अर्धाच बघितलास म्हणून. शेवट बघ, फार मोठा मुद्दा मांडलाय त्यात." तिने फोन ठेवला. आज मला सिनेमा सुचवल्याची जेवढी लाज वाटते, त्याहून जास्त या वाक्याची वाटते. शेवटापर्यंत बघ म्हणजे कळेल, हे भयपटवाल्यांचं नेहमीचं पालुपद आहे. जणू न बघणाऱ्याचंच काहीतरी कमी पडलं. ती घाबरली होती, मी तिला सिनेमाचं महत्त्व पटवत होते. मी माफी मागितली ती बऱ्याच दिवसांनी, प्रत्यक्ष भेटीत. तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली. बाळंतपण नीट पार पडलं. 'लपाछपी' तिने पुढे पूर्ण बघितला का, हे मी कधी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

सिनेमाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. तो मला आजही मराठीतल्या मोजक्या धीट भयपटांपैकी वाटतो. हे मुद्दाम सांगते, कारण अशा प्रसंगानंतर लोक सिनेमालाच दोष देऊन मोकळे होतात.

त्यानंतर एक प्रश्न सतवायला लागला. भयपट सांगताना आधी किती सांगायचं? आमच्यात यावर कडाक्याची भांडणं होतात. कथेतलं काही फोडलं की मजा गेली, असं मानणाऱ्यांतली मी सगळ्यात कट्टर होते. "काही विचारू नकोस, नुसता बघ," असं म्हणण्यात मला फार मोठेपणा वाटायचा. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'ने हा हट्ट सैल केला. त्यात तळ्याकाठी राक्षस आणि एक लहान मुलगी फुलं पाण्यावर सोडत खेळत असतात. फुलं तरंगतात. राक्षसाच्या हातातली फुलं संपतात, आणि तीही तरंगेल अशा समजुतीने तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो गांगरून पळतो. हा भाग फार क्रूर आहे म्हणून कापला गेला, आणि कितीतरी वर्षं प्रेक्षकांनी एवढंच पाहिलं की राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि थोड्या वेळाने बाप तिचं कलेवर उचलून गावातून चालत येतो. मधे काय घडलं असेल याची कल्पना करताना लोकांनी त्याहून भयंकर काहीतरी रचलं. बोरिस कार्लॉफने ज्या राक्षसात अजाण पोराचा गोंधळ ओतला होता, तो राक्षस त्या कात्रीमुळे नराधम झाला. तो भाग परत जोडला गेला तो १९८० च्या दशकात.

दडवून ठेवल्याने प्रत्येक वेळी गोष्ट राखली जाते असं नाही, हे मला या प्रसंगातून उमगलं. आता कुणी आरी अॅस्टरचा 'हेरेडिटरी' विचारला, तर मी कथा सांगत नाही, पण घरातल्या मृत्यूनंतरचा आक्रोश त्यात फार जवळून दाखवलाय, हे सांगते. 'द बाबाडूक'बद्दल कुणी विचारलं, तर एकटीने मूल वाढवणाऱ्या, थकून गेलेल्या विधवेची ती गोष्ट आहे हे सांगते. यातून कुठलंच रहस्य फुटत नाही. विचारणाऱ्याला तेवढ्यावर आपलं आपण ठरवता येतं. कुणी म्हणतं, मग नको. पूर्वी असं कुणी म्हणालं की मी त्याला भित्रा ठरवायचे. ते आता सोडलंय.

दुसरी चूक वेगळ्या जातीची आहे, आणि तीत मी जास्त वर्षं काढली. न बघितलेल्या सिनेमांवर मी ठाम मतं देत होते.

शेजारचा मुलगा कॉलेजात होता. गॉडझिलाचे सिनेमे कुठून सुरू करू, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, १९५४ चा जुना जपानी सोडून दे, रबरी पोशाख घातलेला माणूस खेळण्यातली घरं तुडवतो, बाकी त्यात काही नाही. अमेरिकी नव्यापासून सुरू कर. तो ऐकणारा मुलगा, त्याने तसंच केलं. मग २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' आला, त्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं, आणि या मुलाला वाटलं की आता पहिलाही बघून टाकावा. बघून झाल्यावर तो आमच्याकडे आला. "काकू, त्या ट्रेनमधल्या बाईबद्दल तुम्ही काहीच बोलला नव्हता."

"कुठल्या बाईबद्दल?"

"ती म्हणते ना, नागासाकीतून कशीबशी वाचले, आणि आता हे."

असा प्रसंग त्यात नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. तो बिचारा गोंधळला. माझ्यावर विश्वास ठेवावा की स्वतःच्या डोळ्यांवर, असं त्याला झालं असावं. मी पाहिला होता तो मूळ सिनेमाच नव्हता. १९५६ मध्ये अमेरिकेत त्याची कापाकापी करून, रेमंड बर या नटाचे अमेरिकी पत्रकार म्हणून नवे प्रसंग घुसडून, 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' या नावाने तो लावला गेला होता. ट्रेनमधली ती बाई त्या कात्रीत गेली. मी तीच प्रत बघून मूळ सिनेमा मोडीत काढला होता, आणि समोर येईल त्याला मोडीत काढायला लावत होते.

मग मी मूळ सिनेमा बघितला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मच्छीमार बोटीवर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला हा सिनेमा लागला. त्याची सुरुवातच एका बोटीपासून होते: डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रात डोळे दिपवणारा लखलखाट, आणि मग आग. हे बघताना त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा सैन्यातून घरी परतताना हिरोशिमाचे अवशेष बघून आले होते. ज्याला मी रबरी पोशाख म्हणून हसत होते, त्या जड, कोंदट पोशाखाच्या आत हारुओ नाकाजिमा घामाने निथळत उभे होते. एइजी त्सुबुराया यांनी ती दृश्यं जास्त वेगाने चित्रित केली, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ दिसावी आणि प्राण्याला वजन यावं. गॉडझिलाची डरकाळी तर संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा ओढून काढली. ती कुठल्याही जनावराची वाटत नाही. भलं मोठं दार गंजलेल्या बिजागरीवर फिरावं तशी ती छातीत घुसते.

पण यातलं काहीच माझ्या मनात इतकं राहिलं नाही जितकी ती आई राहिली. टोकियो जळत असताना एक बाई रस्त्याकडेला पोरांना कवटाळून बसलेली आहे. ती त्यांना पळायला सांगत नाही. आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ, असं सांगते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जागोजाग जखमी पसरलेले, आणि एका लहान मुलाच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजायचं यंत्र नेऊन मान हलवणारा शास्त्रज्ञ. राक्षसाच्या सिनेमात मेलेल्यांचा आणि मरणाऱ्यांचा एवढा विचार केलेला मी क्वचितच पाहिला आहे. अमेरिकी नव्या सिनेमांत इमारती कोसळतात, तेव्हा आत कोण होतं हे आपण विचारत नाही. होंडांनी ते विचारायला लावलं. त्या मुलाला बोलावून मी सांगितलं की तू बरोबर होतास, मी मूळ सिनेमा बघितलाच नव्हता. तो संकोचला. नंतर मात्र डॉक्टर सेरिझावाने स्वतःला संपवणं योग्य होतं का, यावर आम्ही तासभर वाद घातला. आपण शोधलेलं अस्त्र पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून तो त्या अस्त्राबरोबर समुद्राच्या तळाशी राहतो. मुलाचं म्हणणं, टिपणं जाळली होती तेवढं पुरे होतं. माझं म्हणणं, टिपणं जळतात, डोक्यातलं जळत नाही.

'तुंबाड'च्या बाबतीतही असंच अर्धवट माहितीवर बोलले. २०१८ मध्ये तो लागला तेव्हा, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वर तो बेतलेला आहे, असं मी ऑफिसात बिनदिक्कत सांगितलं. नवीन लागलेल्या एका मुलीने सिनेमातल्या हस्तर या राक्षसाची आणखी गोष्ट मिळेल म्हणून पगारातून त्या कादंबरीचे दोन्ही जाड खंड विकत आणले. त्यात हस्तर कुठला असायला! ती कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची, त्यांच्या माजाची आणि उतरणीची गोष्ट. राही अनिल बर्वे यांच्या सिनेमाने तिथून घेतलं ते नाव. भयाचा धागा शोधायचाच, तर तो नारायण धारपांकडे जातो, आणि धारपांवर वाढलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं. मुलीने तक्रार केली नाही, कादंबरी वाचली आणि तिला ती आवडली. तरी मी तिला हवं ते दिलं नव्हतं, हे खरं. आणखी एक सल आहे. त्या वेळी पुष्कळांना मी "घाई नाही, घरी बघता येईल" असं सांगितलं. तो भरून आलेला, थांबता थांबत नसलेला पाऊस मोठ्या पडद्यासाठीच टिपलेला होता, आणि त्यासाठी चित्रणाला कितीतरी पावसाळे द्यावे लागले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, तेव्हा ज्यांना ज्यांना थांबवलं होतं त्यांना मी आपणहून फोन करून जायला सांगितलं.

राहता राहिले आमच्या ऑफिसातले शिपाईमामा. यांच्याशी मी वागले ते चुकीच्या शिफारशीहून वाईट होतं. मधल्या सुट्टीत भुताच्या सिनेमांचा विषय निघाला की ते 'पुराना मंदिर'चं नाव काढायचे. १९८४ चा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मामा, तो काय भयपट आहे? नुसता धूर आणि लाल-निळे दिवे." बाकीचे हसले. मामाही हसले. त्यानंतर विषय निघाला की ते डबा आवरून उठायला लागले, आणि मला ते कितीतरी काळ कळलंसुद्धा नाही.

ते निवृत्त व्हायच्या सुमाराला मी त्यांना एकदा चहाला थांबवलं आणि तो सिनेमा तुम्हाला का आवडतो, ते विचारलं. ते सांगू लागले. गावाकडून चारपाच पोरं सायकलवर तालुक्याला रात्रीच्या शोला गेली होती. शो सुटल्यावर अख्खा रस्ता सगळे गाणी म्हणत होते. ओढ्याच्या पुलावर आले आणि एकदम सगळ्यांची तोंडं बंद. पूल ओलांडेपर्यंत कुणी पॅडल मारल्याचाही आवाज करीना. "तेवढ्यात कुणीतरी मागनं नुसतं 'सामरी' म्हणालं आणि आमच्या सायकली एकमेकांत अडकल्या," ते म्हणाले, आणि सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. माझ्या कुठल्याही आवडत्या भयपटाने मला असा पूल दिलेला नाही.

घरी जाऊन मी 'पुराना मंदिर' पहिल्यांदा मन लावून बघितला. त्यातल्या सामरी या सैतानाचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे पुरलेलं, आणि राजाच्या वंशातली बाई बाळंतपणात मरेल हा शाप. गरोदर बाईच्या जिवावर बेतलेली भीती 'लपाछपी'च्या कितीतरी आधी इथे होती, आणि मी ती धुराखाली पाहिलीच नव्हती. सामरी झालेल्या अजय अगरवालचा उंच देह आणि चेहरा कॅमेऱ्यासमोर नुसता उभा राहिला तरी पुरतो. रामसेंची सगळी गंमतच घरगुती. १९७० मध्ये वडिलांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण त्यात मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरच्या प्रसंगाला लोक दचकतात, हे पोरांनी हेरलं. मग घरच्या घरी कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन वाटून घेऊन ही भावंडं महाबळेश्वरला गेली आणि १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' घेऊन आली. कमी पैशांत, छोट्या गावांच्या प्रेक्षकाला नेमकं काय हवंय हे ओळखून काम करणारी ती माणसं होती. मी प्रेक्षकाला ओळखत नव्हते आणि त्यांना हसत होते.

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं, ऑफिसातल्या त्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते "जाऊ द्या हो मॅडम" म्हणाले आणि लगेच मुद्द्यावर आले. आता 'वीराना' बघा म्हणाले. मी म्हटलं, मला ड्रॅक्युलाच्या वळणाचं आवडतं, तर आधी 'बंद दरवाजा' नको का? ते म्हणाले, नको, 'बंद दरवाजा' चांगला आहे पण 'वीराना'च्या नंतर, आणि ते का, हे समजावून सांगण्यात त्यांनी अर्धा तास घेतला. मला अजून ते पटलेलं नाही. रविवारी ते घरी येणार आहेत, दोन्ही लागोपाठ बघायचं ठरलं आहे, आणि शेजारचा मुलगाही येतो म्हणालाय.